हेडलाइट मंद पडलेत? बल्ब विकत घेण्याआधी हा क्रम पाळा

हेडलाइटचा उजेड कमी वाटायला लागला की बहुतेक जण सरळ अ‍ॅक्सेसरीजचं दुकान गाठतात आणि जास्त वॅटचा बल्ब किंवा एलईडी बसवून घेतात. चार दिवस बरं वाटतं. मग होल्डर वितळतो, समोरचे गाडीवाले शिव्या देतात, आणि रस्ता पूर्वीइतकाच अंधारा राहतो. कारण बल्ब हा या साखळीचा एक दुवा आहे, आणि जुन्या गाडीत बहुतेक वेळा खराबी दुसऱ्याच दुव्यात असते. बल्बपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचत नसेल, काच पिवळी पडली असेल, बीम खाली झुकला असेल, तर कितीही महाग बल्ब लावा, पैसे वाया जातात.

म्हणून आधी फुकटच्या गोष्टी, मग मोजमाप, मग वायरिंग, मग काच, मग बल्ब आणि सगळ्यात शेवटी बीमची उंची, हाच क्रम ठेवा. मधला टप्पा गाळून पुढे उडी मारली की पुन्हा मागे यावं लागतं.

हे सगळं हॅलोजन बल्बच्या गाड्यांसाठी आहे: एकाच बल्बात अपर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा, खाली झुकलेला उजेड) दोन्ही असलेला एच-४, किंवा वेगवेगळे एच-७ वगैरे. कंपनीतूनच एलईडी किंवा झेनॉन आलेली गाडी असेल तर फक्त काच आणि बीम हे टप्पे करा, वायरिंगला हात लावू नका. झेनॉन दिवा पेटताना तिथे हजारो व्होल्ट तयार होतात.

## तयारी

साधा डिजिटल मल्टिमीटर हवाच. स्वस्तातला चालेल, पण तो नसेल तर चौथा टप्पा करता येणार नाही आणि मग सगळंच अंदाजपंचे होईल. त्याशिवाय बारीक पॉलिश पेपर, तारेचा छोटा ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, दहाचा आणि बाराचा पाना, मास्किंग टेप, स्वच्छ सुती कापड आणि एक मदतनीस. मदतनीस इंजिन चालू ठेवून लाइट लावायला-बंद करायला लागतो.

काम दिवसा करा, पहिल्या टप्प्याची पाहणी आणि बीमची जुळवणी मात्र अंधार पडल्यावरच करा.

सावधान: पेटलेला हॅलोजन बल्ब बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच हात घाला.

## टप्पा १: तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा

अंधारात गाडी भिंतीसमोर उभी करा, डिपर लावा आणि दोन्ही बाजूंकडे नीट पाहा.

एकच बाजू मंद असेल तर त्या बाजूचा कपलर (बल्बला वायरी जोडणारा प्लग), अर्थ (करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वायर), बल्ब किंवा काच, यापलीकडे फार शोधावं लागत नाही. दोन्ही बाजू सारख्याच मंद असतील तर चार्जिंग, दोन्हींची सामाईक वायरिंग किंवा दोन्ही काचा. आयडलिंगला मंद आणि रेस दिल्यावर उजळ होत असेल तर आधी चार्जिंगकडे बघा. भिंतीवर भरपूर उजेड, पण रस्त्यावर काही दिसत नाही, असं असेल तर बीम खाली गेलाय.

एक लक्षण मात्र लोक हमखास चुकीचं वाचतात. डिपर लावल्यावर एका बाजूचा बल्ब लालसर-पिवळा, मिणमिणता जळतो आणि त्याच बल्बची अपरची फिलामेंटही पुसटशी पेटलेली दिसते. हा बल्ब खराब नाही. त्याची अर्थची वायर तुटलीय, त्यामुळे करंट परतीची दुसरी वाट शोधत दुसऱ्या फिलामेंटमधून जातोय. नवा बल्ब लावला तरी तोही असाच जळेल.

## टप्पा २: फुकटच्या गोष्टी

पुढची काच आतून पुसा. बाहेरून आपण रोज पुसतो, पण आतून डॅशबोर्डच्या प्लास्टिकची वाफ आणि श्वासातली ओल मिळून एक तेलकट थर बसतो. समोरून लाइट आला की हा थर चमकतो आणि आपलेच हेडलाइट कमी वाटतात.

मग स्टिअरिंगच्या उजवीकडे, खालच्या बाजूला ० ते ३ आकड्यांची छोटी चकती आहे का बघा. ती बीम खाली आणण्यासाठी असते, म्हणजे मागे माणसं आणि सामान भरल्यावर गाडीचं तोंड वर उचललं तर वापरायची. एकटा चालक असताना ती ० वर हवी. सर्व्हिसिंगला किंवा धुवायला दिलेली गाडी परत येते तेव्हा ती कुणाच्या तरी हाताने ३ वर गेलेली असते, आणि मालक महिनोन्‌महिने तशीच चालवतो. चकती फिरवताना भिंतीवरचा बीम वर-खाली होतोय ना, तेही बघून घ्या. होत नसेल तर मोटर बंद पडली आहे.

हेडलाइटवर लावलेली टिंटची फिल्म, जाळी, प्लास्टिकची कव्हरं काढून टाका. काच साबणाच्या पाण्याने धुवा.

तपासणी: एवढं करून रात्री एक फेरी मारा. तक्रार गेली असेल तर इथेच थांबा.

## टप्पा ३: बॅटरी आणि चार्जिंग

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ किंवा कमी म्हणजे बॅटरी अर्धीच भरलेली आहे.

आता इंजिन सुरू करा, हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर लावा, थोडी रेस धरा. १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक. १३ च्या खाली येत असेल तर बेल्ट सैल झालाय का, बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचलीय का, इंजिन आणि बॉडीला जोडणारी जाड अर्थ वायर सैल आहे का, हे बघा. एवढं करूनही आकडा सुधारला नाही तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. आधी हे निस्तरा, कारण पुढची सगळी मोजमापं याच आकड्यावर उभी आहेत.

अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी चार्जिंगचा व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त केला जातो. अशा गाडीत एकदाच आकडा पाहून अल्टरनेटर बाद ठरवू नका.

## टप्पा ४: व्होल्टेज कुठे गळतोय ते शोधा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि गॅरेजमध्येही सगळ्यात जास्त चुकतो तोही हाच.

आधी याला इतकं महत्त्व का, ते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. एच-४ बल्बची डिपर फिलामेंट १३.२ व्होल्टला साधारण १,००० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) देते, १२ व्होल्टला सुमारे ७५०. म्हणजे सव्वा व्होल्टही कमी झाला नाही तोच पाव उजेड गेला. ११ व्होल्टपर्यंत घसरण झाली तर जवळजवळ अर्धा. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डमागच्या स्विचपर्यंत आणि तिथून परत पुढे, बारीक वायरीतून फिरतो. दहा-बारा वर्षांत स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, कपलर सैल होतात. सगळीकडे थोडं थोडं गळून बल्बपाशी पोचेपर्यंत दीड-दोन व्होल्ट गेलेले असतात.

आता नेहमीची चूक. कपलर बल्बवरून काढला, त्यात मीटर घातला, १४ दिसले, आणि “वायरिंग ओके” म्हणून मोकळे झाले. हे मोजमाप निरुपयोगी आहे. पाईपात गाळ साचला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्णच दिसतो, खरी गोष्ट नळ सोडल्यावर कळते. तसंच मोजायचं ते बल्ब जोडलेला आणि पेटलेला असताना.

पद्धत अशी:

१. इंजिन चालू, डिपर चालू. ब्लोअर, रेडिओ बंद. मदतनिसाला रेस एकसारखी धरायला सांगा.

२. बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. समजा १४.१ आले.

३. बल्ब जोडलेलाच ठेवून, कपलरच्या मागच्या बाजूने वायरीलगत मीटरची टोकं आत सरकवा आणि बल्बच्या दोन पिनांमध्ये मोजा. समजा १२.३ आले. म्हणजे एकूण १.८ व्होल्ट वाटेत गेले.

४. आता लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं टोक बल्बच्या प्लस पिनवर. हा प्लस बाजूचा तोटा. समजा १.४.

५. लाल टोक बल्बच्या मायनस पिनवर, काळं टोक बॅटरीच्या मायनसवर. हा मायनस बाजूचा तोटा. समजा ०.४.

तपासणी: चौथ्या आणि पाचव्या पायरीची बेरीज एकूण तोट्याइतकी यायला हवी. इथे १.४ अधिक ०.४, म्हणजे १.८. जुळत नसेल तर मीटरचं टोक नीट टेकलं नव्हतं, पुन्हा मोजा.

एकूण तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग उत्तम आहे, थेट काचेच्या टप्प्याकडे जा. एक व्होल्टच्या वर असेल तर दुरुस्ती हवीच. मधल्या आकड्याला कपलर आणि अर्थ साफ करून बहुधा भागतं. दुसऱ्या बाजूच्या बल्बवर आणि अपरवरही हेच मोजा.

सावधान: वायरीचं कव्हर टाचणीने भोसकून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर वायर आतून हिरवी पडून तुटते.

हेही लक्षात ठेवा: काही जपानी घडणीच्या गाड्यांत एच-४ च्या सामाईक पिनला कायम प्लस असतो आणि स्विच मायनस बाजूला असतो. तिथे मायनस बाजूचा मोठा तोटा म्हणजे अर्थ खराब असेलच असं नाही, स्विचही असू शकतो. म्हणून कुठली पिन कशाची, हे आधी मीटरने ओळखा.

## टप्पा ५: अर्थ आणि कपलर

हेडलाइटच्या मागे बॉडीला बोल्टने आवळलेली, बहुधा काळी किंवा तपकिरी वायर शोधा. बॅटरीची मायनस वायर सोडवा, मग हा बोल्ट काढा. वायरीचा थिंबल (टोकाची धातूची कडी) आणि बॉडीची जागा, दोन्ही पत्रा चमकेपर्यंत घासा. घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग बोल्ट, असं उलटं नको. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा किनारपट्टीच्या भागात खाऱ्या हवेने हे अर्थ फार लवकर गंजतात, तिथल्या गाड्यांत निम्मं काम याच टप्प्यावर होतं.

कपलर काढून पाहा. प्लास्टिक तपकिरी झालं असेल, पिनेजवळ वितळलं असेल तर साफसफाईने काम होणार नाही. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल होते. नवा सिरॅमिक होल्डर लावा, वायरी पिळून टेप गुंडाळण्याऐवजी क्रिम्प किंवा सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. कपलर चांगला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोन-चार वेळा काढ-घाल करा. फ्यूजचे पाय काळे पडलेत का, तेही बघा.

तपासणी: टप्पा ४ मधली चारही मोजमापं पुन्हा घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.

## टप्पा ६: तरीही तोटा एक व्होल्टच्या वर असेल तर रिले

रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तो बसवल्यावर जुनी वायरिंग फक्त रिलेला इशारा देण्यापुरती राहते. बल्बचा खरा करंट बॅटरीवरून थेट, जाड वायरीने, आखूड वाटेने जातो. डिपरला एक आणि अपरला एक, असे दोन रिले लागतात.

रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर फ्यूजमधून बॅटरीचा प्लस द्या, ८७ वरून बल्बकडे न्या. ८५ आणि ८६ ला एका बाजूच्या जुन्या कपलरमधला स्विचचा करंट आणि अर्थ जोडा. दुसऱ्या बाजूचा जुना कपलर मोकळा राहतो, तो नीट गुंडाळून बांधून टाका. वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची घ्या, आणि अर्थची वायरही तेवढीच जाड. लोक प्लस जाड करतात आणि अर्थ जुनाच ठेवतात, मग अर्धा फायदा तिथेच जातो. प्रत्येक रिलेला वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज लावा. ५५-६० वॅटच्या दोन बल्बांना तो पुरतो.

सावधान: फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. लांब लावला तर बॅटरी आणि फ्यूजमधली वायर कुठे घासून बॉडीला लागल्यावर आग लागेल, आणि फ्यूज काहीच करू शकणार नाही.

बाजारात तयार रिले किट मिळतं. विकत घेताना वायरीचं टोक सोलून तांबं बघा. वरून जाड रबर आणि आत केसांसारख्या चार तारा, असा माल खूप येतो.

मागच्या काही वर्षांतल्या ज्या गाड्यांत लाइट संगणकाद्वारे नियंत्रित होतात, तिथे हा टप्पा करू नका. त्यातल्या काहींत बल्बला करंट तुटक ठोक्यांनी दिला जातो, रिले थरथरत राहतो आणि डॅशबोर्डवर दोष दिसू लागतो. अशी गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्या. वॉरंटीतली गाडीही तिथेच.

## टप्पा ७: पिवळी, धुरकट काच

आताच्या हेडलाइटची “काच” पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. त्यावरचा संरक्षक थर उन्हाने सोलवटतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. जुन्या मारुती ८०० किंवा अँबॅसॅडरची काच खरी काच होती. ती पिवळी पडत नाही, तिथे आतला रिफ्लेक्टर निस्तेज होतो.

घासायला बसण्याआधी एक साधी परीक्षा करा: काचेवर पाणी मारा. ओली असताना ती स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे, घासून जाईल. ओली असूनही धुरकटच दिसली तर खराबी आत आहे, बाहेरून कितीही घासलं तरी फरक पडणार नाही. रिफ्लेक्टरची चंदेरी चकाकी उडाली असेल तर पूर्ण हेडलाइट बदलणं हाच उपाय. रिफ्लेक्टर आतून पुसायला जाऊ नका, तो अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि कापडालाच लागून येतो.

बाहेरची खराबी असेल तर:

१. काच धुऊन कोरडी करा. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा.

२. वॉटर पेपरने घासा: आधी ८०० किंवा १०००, मग १५००, मग २०००, शेवटी ३०००. सतत पाणी मारत राहा. पहिल्या पेपरला पिवळट पाणी येतं, ते पांढरं येईपर्यंत पुढचा पेपर घेऊ नका. ८०० ने आडवं घासलं तर पुढच्याने उभं घासा, म्हणजे आधीचे ओरखडे गेलेत का ते दिसतं.

३. रबिंग कंपाउंड लावून फोमच्या पॅडने पॉलिश करा. मशीन असेल तर वेग कमी आणि हात फिरता ठेवा, एका जागी तापलं की प्लास्टिक मऊ पडतं.

४. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून यूव्ही संरक्षक कोटिंग लावा.

बहुतेकांचं काम बिघडतं ते चौथ्या पायरीला. टूथपेस्टने घासलेली काच संध्याकाळी चकाचक दिसते, पण संरक्षक थरच नसल्याने काही महिन्यांत आधीपेक्षा जास्त पिवळी होते. कोटिंग लावणार नसाल तर घासूच नका. पावसाळी दमट हवेत कोटिंग पांढुरकं होतं, कोरडा दिवस निवडा. फवाऱ्याने मारायचं टू-के क्लिअर (दोन घटक मिसळून होणारा पारदर्शक लेप) असेल तर मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावूनच.

सावधान: थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. पॉलिकार्बोनेटला आतून केसासारख्या चिरा पडतात आणि त्या कशानेच जात नाहीत.

## टप्पा ८: आता बल्ब

जुना बल्ब काढून बघा. काच आतून काळपट किंवा चंदेरी झाली असेल तर तो संपत आलाय. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला.

कंपनीने दिलेल्या वॅटचाच बल्ब घ्या. एच-४ असेल तर ६०/५५. निळसर “सुपर व्हाइट” टाळा, निळा लेप काही उजेड गिळून टाकतो आणि पावसात-धुक्यात तर अजिबात उपयोगी पडत नाही. १००/९० वॅटचा बल्ब होल्डर आणि रिफ्लेक्टर जाळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी लावला तर प्रकाशाची जागा बदलते, बीमची वरची कड विस्कटते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर लख्ख उजेड जातो. ज्या उजेडाने समोरचा आंधळा होतो, तो आपल्याही जिवावर येतो.

बसवताना काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा. एच-४ च्या तीन कानांपैकी एक रुंद असतो, तो त्याच्या खाचेत बसल्याशिवाय स्प्रिंगची क्लिप लावू नका. तिरका बसलेला बल्ब पेटतो, पण बीम भलतीकडे जातो. शेवटी मागचा रबर बूट चहूबाजूंनी घट्ट दाबा. तो सैल राहिला तर ओल आत शिरून रिफ्लेक्टर खराब होतो.

## टप्पा ९: बीमची उंची

टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागी एक माणूस, चकती ० वर, जमीन सपाट.

१. गाडी भिंतीला चिकटेल इतकी जवळ न्या. दोन्ही बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने आखा.

२. सरळ मागे ५ मीटर या.

३. डिपर लावा. एक हेडलाइट जाड पुठ्ठ्याने क्षणभर झाका, काचेला टेकवू नका.

४. बीमची आडवी कड टेपच्या ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. हेडलाइटवर किंवा जवळच्या पत्र्यावर १.३% असं काही छापलेलं असेल तर तो आकडा पाळा, तेव्हा ६.५ सेंटिमीटर. डाव्या बाजूला कड वर चढलेली दिसेल, ती आपल्या डावीकडच्या कडेसाठीच असते.

५. हेडलाइटच्या मागच्या स्क्रूने थोडं थोडं जुळवा, मग दुसरी बाजू.

या ५ सेंटिमीटरला किती किंमत आहे बघा. बल्बची उंची ६५ सेंटिमीटर असेल तर ५ मीटरला ५ सेंटिमीटर उतार म्हणजे डिपरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. तीच कड १० सेंटिमीटर खाली असेल तर सुमारे ३२ मीटरवरच संपते. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगली भागात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, त्यांच्या मागे पोचायला ३२ मीटर म्हणजे दीड सेकंद. पण म्हणून कड टेपच्या वर चढवू नका, त्याने समोरच्या मोटारसायकलवाल्याला काही दिसेनासं होतं.

शेवटची तपासणी: अर्धा तास लाइट लावून गाडी चालवा, लगेच बोनेट उघडा आणि कपलर, रिले, फ्यूज यांच्या प्लास्टिकला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. कोमट ठीक, हात ठेववत नाही इतकं गरम असेल तर तो जोड सैल आहे, टप्पा ५ वर परत जा. टप्पा ४ चे आकडे लिहिलेला कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा आणि दर पावसाळा संपल्यावर तीच मोजमापं पुन्हा घ्या.